बॅटरीत दम किती?

ग्लायडरला इंजिन नसतं, मग त्याला बॅटरी कशाला हवी? हडपसरला विंचच्या दोराने वर खेचली जाणारी ग्लायडर्स लहानपणापासून बघत आलेल्या पुणेकरालाही हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते (हाच थर्मल), तिच्या जोरावर ग्लायडर तरंगतं. पंखांवरच्या झडपा, सुकाणू, एअरब्रेक हे सगळं वैमानिकाच्या हातापायांनी हलतं. मध्ये फक्त सळया आणि तारा. बॅटरी संपली म्हणून ग्लायडर खाली पडत नाही, नेहमीसारखं उतरवता येतं.

पडत नाही म्हणूनच बॅटरीकडे दुर्लक्ष होतं. पंखांना चरा गेला तर जिवाला लावून घेणारे लोक बॅटरीच्या बाबतीत मात्र रात्रभर चार्जरला लावली, हिरवा दिवा लागला, झालं, एवढ्यावर थांबतात. चार्जरचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की बॅटरी आता आणखी करंट घेत नाही. घेतलेला करंट ती किती तास परत देईल, हे त्या दिव्याला कळायचा काही मार्ग नाही.

आजच्या ग्लायडरमध्ये बॅटरीवर काय काय अवलंबून असतं ते पाहा. रेडिओ. हवा वर नेतेय की खाली, ते सूर काढून सांगणारा इलेक्ट्रिक व्हेरिओ. नकाशा दाखवणारा फ्लाइट कॉम्प्युटर. अनेक ग्लायडर्समध्ये ट्रान्सपॉन्डर, ज्याच्यामुळे रडारवर आणि मोठ्या विमानांच्या यंत्रणेला तुमचं अस्तित्व कळतं. आणि फ्लार्म. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही छोटी पेटी आपण कुठे आहोत आणि पुढच्या काही सेकंदांत कुठे असू, हे रेडिओवरून सतत सांगत राहते, शेजारच्या ग्लायडर्सचं ऐकते, आणि टक्कर होण्याची शक्यता दिसली की मोठ्याने बीप करते. चांगल्या थर्मलमध्ये पाच-दहा ग्लायडर्स एकाच वर्तुळात, एकमेकांच्या वर-खाली घिरट्या घालत असतात. त्यात एकाची बॅटरी गेली तर ते ग्लायडर उडत राहतं, पण बाकीच्यांच्या फ्लार्मवरून पुसलं जातं. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण ज्याची बॅटरी गेली त्याच्याबरोबर तो इतरांच्याही वाट्याला येतो.

इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातलं लाशम हे ग्लायडिंगचं मोठं केंद्र. १९४२ साली युद्धासाठी बांधलेली ही धावपट्टी आज ग्लायडिंग सोसायटीच्या मालकीची आहे. ईशान्येला हीथ्रोचं आकाश, पूर्वेला गॅटविकचं, आणि २०२० पासून अगदी शेजारी फार्नबरोचं नियंत्रित हवाईक्षेत्र. कुठल्या उंचीला कुठली सीमा सुरू होते हे कागदी नकाशावर असतंच, पण थर्मलमध्ये गिरक्या घेताना मांडीवरच्या नकाशात बोट ठेवून जागा शोधणं आणि पडद्यावर ती दिसणं यात फार अंतर आहे.

लाशमला उडणारे एक निवृत्त मराठी इंजिनियर बेसिंगस्टोकजवळ राहतात. मूळचे पुण्याचे. ग्लायडिंग शिकले ते हडपसरला, ‘रोहिणी’वर. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं हे भारतीय बनावटीचं लाकडी ग्लायडर, गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसायचे. “रोहिणीत बॅटरी नव्हतीच,” काका म्हणाले. “वेग, उंची, व्हेरिओ, तिन्ही हवेच्या दाबावर चालणारी घड्याळं. अन् विंचवाल्याला इशारा द्यायचा तो पंख हलवून. पाच-सात मिनिटांत खाली. कशाला लागते बॅटरी?”

आता ते उन्हाळ्यात ३०० किलोमीटरचे त्रिकोण करतात. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा सरासरी वेग धरला तरी चार तास हवेत. त्याआधी रांगेत ग्लायडर उभं करून, साधनं सुरू ठेवून तास-दीड तास वाट बघणं. पल्ला ५०० किलोमीटरचा असला तर सात तास सहज होतात. हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रौप्य बिल्ल्यासाठीसुद्धा सलग पाच तास हवेत राहावं लागतं, आणि त्याचा पुरावा असतो फ्लाइट रेकॉर्डरमधली नोंद. नोंद मध्येच तुटली तर दिवसभराची मेहनत कागदावर उतरत नाही.

आणि हे सगळं पेलते कोण? १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, विटेएवढी, सव्वादोन-अडीच किलोची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. ही आपल्या ओळखीची आहे. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये हीच असते, अपार्टमेंटच्या अलार्ममध्ये हीच. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळते. जुनी झाली की आपण म्हणतो, “बॅकअप देत नाही.” लाइट गेल्यावर यूपीएस दोन मिनिटांत बोंबलायला लागतो तेव्हाच ते कळतं. घरात ते चालून जातं.

लेबलवरचे ७ अँपिअर-तास हा आकडा आधी समजून घ्यायला हवा. कंपनी तो वीस तासांच्या हिशेबाने देते: ०.३५ अँपिअर करंट घेतला तर वीस तासांनी बॅटरी १०.५ व्होल्टला येईल. करंट वाढवला की मिळणारी एकूण वीज कमी होते. लेड-ॲसिडचा हा स्वभाव १८९७ साली प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सूत्रात मांडला. पाच तासांत रिकामी करायची म्हटली तर सातऐवजी पावणेसहाच्या आसपास मिळते, तासाभरात रिकामी केली तर साडेचारही मिळत नाही. म्हणजे कोऱ्या बॅटरीकडूनही ग्लायडरमध्ये सात मिळणार नाहीत. काकांच्या ग्लायडरमध्ये सगळं सुरू असताना मीटर ०.८ अँपिअरच्या आसपास दाखवतो. रेडिओवर बोलायचं बटण दाबलं की तेवढ्यापुरता अँपिअरभर वर जातो.

म्हणून बॅटरी किती तास टिकते हे तपासायला काकांनी भार निवडला तो तेवढाच. पुण्याहून आणलेला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब, १२ व्होल्ट १० वॅट. भागाकार केला की ०.८३ अँपिअर. बल्बवर लिहिलेल्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, मल्टिमीटर मालिकेत जोडून करंट मोजून घेतला. हे करताना तांबडी वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. मोजून झालं की ती लगेच काढून व्होल्टच्या भोकात परत. ती तशीच राहिली आणि मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर थेट शॉर्ट सर्किट. एवढीशी दिसणारी ही बॅटरी त्या क्षणी वायर लाल करण्याइतका करंट सोडते. काकांनी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं होतं. बॅटरीच्या वायरीत, टोकाच्या अगदी जवळ, फ्यूज होता.

हे सगळं चाललं होतं जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला, फरशीच्या तुकड्यावर. बाहेर फेब्रुवारी होता. गॅरेजमध्ये थंडी, आणि थंडीत लेड-ॲसिडचा जोर कमी होतो, शून्य अंशाला तर सुमारे पाचव्या हिश्शाने. थंड गॅरेजमध्ये तपासली तर चांगली बॅटरीही आजारी दिसेल. म्हणून घरात, वीसेक अंशांना. खिडकी किलकिली, कारण जोराने चार्ज होताना या बॅटरीतून थोडा हायड्रोजन बाहेर पडू शकतो. टेबल दिल्याबद्दल काकूंची एकच अट होती, ॲसिडचा एक थेंबही टेबलक्लॉथवर पडता कामा नये. काकांनी बॅटरीच्या कडा, कोपरे बोटाने चाचपून फुगलेलं किंवा तडकलेलं काही नाही, हे आधी बघून घेतलं. फुगलेली बॅटरी तपासायचीच नाही, थेट बाद करायची.

टेबलावर होती ती पाच वर्षांची बॅटरी. आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून रात्रभर नुसती ठेवली होती. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर वरवरचं व्होल्टेज फसवं निघतं, ते काही तासांत बसतं. सकाळी मीटरने दाखवलं १२.८४. कुठल्याही तक्त्यात बघा, हा आकडा पूर्ण भरलेल्या, ठणठणीत बॅटरीचा आहे. बहुतेकांची तपासणी इथेच संपते.

नऊ वाजता बल्ब जोडला. मीटर लगेच १२.६१ वर आला. काका वहीत वेळ, व्होल्ट आणि करंट अशा तीन रकान्यांत लिहीत होते. दहाला १२.३८. अकराला १२.०७. काका फोनवर असले की काकू मीटर वाचायच्या, “अहो, अकरा पॉइंट सहा दोन.” तेव्हा बारा वाजले होते. इथून पुढे काकांनी खुर्ची जवळ ओढली आणि दर दहा मिनिटांनी नोंद सुरू केली, कारण उतार शेवटी एकदम तीव्र होतो. ११.५०, ११.३०, १०.९. बल्ब डोळ्यांना अजून चांगला पेटलेला दिसत होता, थोडासा पिवळा. १२ वाजून ३५ मिनिटांनी १०.५ आले आणि काकांनी तत्क्षणी वायर काढली. सहा सेलची बॅटरी, सेलमागे पावणेदोन व्होल्ट. याच्या खाली नेली तर सेल कायमचे दुखावतात. म्हणूनच बल्ब लावून बाजारात निघून जायचं, हे इथे चालत नाही. शेवटचा तासभर समोर बसावंच लागतं.

तीन तास पस्तीस मिनिटं. व्होल्टेज उतरलं तसा बल्बचा करंटही थोडा उतरला होता, सरासरी ०.८१. गुणाकार केला: २.९ अँपिअर-तास. शेजारच्या दुसऱ्या, गेल्या वर्षी घेतलेल्या बॅटरीने याच बल्बवर सात तास वीस मिनिटं काढली होती, म्हणजे सहा अँपिअर-तास. दोघींचं सकाळचं व्होल्टेज जवळपास सारखं.

“अगं, हेच तर लोकांना पटत नाही,” काका म्हणाले. “मीटर लावतात, बारा-आठ दिसलं की खूश. मीटर खोटं सांगत नाही. तुम्ही त्याला प्रश्नच भलता विचारलाय.”

गाळाने भरलेल्या तलावाची पातळीही काठोकाठ दिसते, पाणी किती ते उपसायला लागल्यावर कळतं. बॅटरीचं स्थिर व्होल्टेज ठरतं ते शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि ॲसिडची तीव्रता यांच्या रसायनावरून. प्लेटांवर कामाचं द्रव्य निम्मं उरलं असलं तरी, जेवढं आहे ते पूर्ण चार्ज झालं की व्होल्टेज तेच. उरलेलं निम्मं गेलं कुठे? प्रत्येक वेळी बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं, चार्ज केलं की ते परत विरघळतं. पण अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे खडे मोठे आणि घट्ट होतात, मग ते चार्जरला दाद देत नाहीत. जास्त चार्ज होत राहिली तर आतलं पाणी व्हॉल्व्हमधून हळूहळू जातं, आणि सीलबंद असल्याने ते परत घालायची सोय नाही. धन प्लेटेची जाळी गंजते ती वेगळीच. उष्णतेने हे सगळं वेगात होतं. साधारण ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत हात टेकते, त्याचं कारण हेच.

इंग्लंडच्या ग्लायडरवाल्यांचा शत्रू वेगळा, हिवाळा. ऑक्टोबरात शेवटचं उड्डाण होतं, ग्लायडरचे पंख काढून ते ट्रेलरमध्ये जातं आणि बॅटरी कित्येकदा तिथेच विसरली जाते, शेवटच्या दिवशी अर्धी उतरलेली. एप्रिलपर्यंत सल्फेटला भरपूर वेळ मिळतो. बॅटरी बाहेर काढून घरी आणणं, भरून ठेवणं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरणं, एवढ्याने तिचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं.

बॅटरी टेस्टर म्हणून बाजारात मिळणारं, दोन चिमटे लावले की पाच सेकंदांत टक्के सांगणारं यंत्र काकांकडे आहे. ते अंतर्गत रोध मोजतं. गाडीचा स्टार्टर फिरवायला क्षणभर मोठा करंट लागतो, तिथे ते उपयोगी. सात तास पाऊण अँपिअर देण्याची ताकद त्यावरून नीट कळत नाही. रोध वाढल्याची खूण ग्लायडरमध्ये वेगळी दिसते: रेडिओचं बटण दाबलं, व्होल्टेज क्षणभर खाली बसलं, आणि व्हेरिओ किंवा कॉम्प्युटर बंद होऊन नव्याने सुरू झाला. असं झालं तर बॅटरी बदला, चाचणीचीही वाट बघू नका. ठरावीक करंट ओढून आपोआप थांबणारी इलेक्ट्रॉनिक लोडची छोटी यंत्रंही मिळतात, ती चांगली. शेवटचा तासभर टक लावून बसायचं काम तेवढं वाचतं.

निकाल काय मानायचा? टेलिफोन एक्स्चेंज, वीजकेंद्रं यांच्या मोठ्या बॅटऱ्यांसाठी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेच्या मानकात ८० टक्क्यांची रेघ आहे, क्षमता त्याखाली आली की बदलायची. काकांनी तीच घेतली, पण टक्के धरले ते स्वतःच्या मोजणीचे. नवी बॅटरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ती याच बल्बवर चालवायची आणि वेळ लिहायची. सात तास वीस मिनिटांचे ८० टक्के म्हणजे पाच तास बावन्न मिनिटं. पुढच्या हिवाळ्यात त्याच बल्बवर, त्याच खोलीत तेवढी आली नाही तर ती ग्लायडरमध्ये जाणार नाही. चाचणी वर्षातून एकदाच, कारण बॅटरी तळापर्यंत उतरवणं हेही तिच्या आयुष्यातून वजा होतं. आणि चाचणी संपताच चार्जरला लावायची, दुसऱ्या दिवशीवर ढकलायचं नाही.

घरातल्या तासांतून उड्डाणाचे तास काढताना आणखी एक वजाबाकी आहे. अनेक ग्लायडर्समध्ये एक बॅटरी शेपटीच्या उभ्या पंखात असते. वर उंचीवर तिथे चांगलीच थंडी. वीस अंशांना सहा तास देणारी बॅटरी तिथे पाच देईल असं धरून चालायचं. स्कॉटलंडमध्ये पोर्टमोकला डोंगरावरून उसळणाऱ्या हवेच्या लाटांवर चढणाऱ्यांना तर याहून जास्त वजाबाकी करावी लागते.

आता बरेच जण लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळलेत. या रसायनाचा शोधनिबंध १९९७ सालचा, टेक्सास विद्यापीठातला. जॉन गुडइनफ यांच्याबरोबर त्यावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीय नावांची मोहोर आहे. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं. लेड-ॲसिडच्या मानाने या बॅटरीचं वजन निम्म्याहून कमी, करंट वाढवला तरी क्षमता फारशी घटत नाही, हजारो वेळा चार्ज होते. ‘लिथियम’ म्हटलं की आगीची भीती वाटते. २०१७ मध्ये ससेक्समधल्या पारहमला मोटर बसवलेल्या एका ग्लायडरच्या बॅटरीला आग लागली होती, पण ती प्रॉपेलर फिरवणारी, लिथियम पॉलिमरची मोठी बॅटरी. फॉस्फेटचं रसायन त्यामानाने बरंच स्थिर आहे.

तपासणीच्या दृष्टीने मात्र ही बॅटरी जास्त अवघड. ९० टक्के भरलेली असो की ३०, व्होल्टेज १३.२ च्या आसपासच घुटमळतं. लेड-ॲसिड निदान उतरताना खुणा देते. ही शेवटी धाडकन उतरते, आणि आतलं संरक्षक सर्किट एका क्षणात वीज तोडतं. रेडिओ, फ्लार्म, नकाशा सगळं एकदम काळं. म्हणून हिच्या बाबतीत बल्ब आणि घड्याळ यांना पर्यायच नाही. चार्जरही हिचाच हवा, आणि शून्याखाली गारठलेल्या बॅटरीला चार्जिंग लावायचं नाही, आत लिथियमचा थर साचून ती बिघडते.

आणि वजनाचा मुद्दा. शेपटीतली अडीच किलोची बॅटरी काढून तिथे एक किलोची ठेवली तर दीड किलो कमी झालं, पण ते गुरुत्वमध्यापासून चार मीटरवर. ग्लायडरचा तोल पुढे सरकतो. नाकातली बॅटरी हलकी केली तर तो मागे सरकतो, आणि मागे सरकलेला तोल ग्लायडरला स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या खात खाली येण्यात, ढकलू शकतो. वजन आणि तोलाचा हिशेब नव्याने करून, निरीक्षकाची सही घेऊनच ही अदलाबदल करायची. बॅटरी चालते की नाही याची चर्चा खूप होते, ही चर्चा कमी होते. ती व्हायला हवी.

हडपसर, लाशम, कुठलाही क्लब असो, माझं एक मागणं आहे. ग्लायडरच्या वहीत जशी प्रत्येक उड्डाणाची नोंद होते, तशी बॅटरीची एक वही असावी: कधी घेतली, कोऱ्या अवस्थेत कुठल्या भारावर किती तास चालली, यंदा किती. आपल्याकडे दवाखान्यातल्या, लिफ्टमधल्या, सोसायटीच्या अलार्ममधल्या बॅटऱ्यांनाही हाच नियम लावता येईल. इंडिकेटरचा बल्ब कुठल्याही टू-व्हीलर गॅरेजात मिळतो, मल्टिमीटर शाळेतल्या मुलाच्याही खर्चात बसतो.

दुपारी काकांनी त्या पाच वर्षांच्या बॅटरीवर कागदी चिकटपट्टी लावली, तारीख आणि ‘२.९’ लिहिलं. घरातल्या राउटरला ती अजून काही महिने आधार देऊ शकेल, अशी काकूंची सूचना होती, ती मान्य झाली. मग तिचं शिसं परत घेणाऱ्या दुकानात. भारतातही २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे ती भंगारवाल्याच्या भट्टीत जाऊ देण्याचं कारण उरलेलं नाही. तिच्या जागी काकांनी ९ अँपिअर-तासांची फॉस्फेटची बॅटरी आणली, तिचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून ते क्लबच्या निरीक्षकाला पाठवलं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंतच्या रविवारी ती त्याच बल्बला जोडली. सकाळी नऊला पेटलेला बल्ब संध्याकाळी सव्वासातला विझला. काकांनी वहीत लिहिलं: दहा तास पंधरा मिनिटं, विझण्यापूर्वी दहा मिनिटं १२.६ व्होल्ट. आणि खाली, तांबड्या शाईने, उड्डाणासाठी धरायचे तास: आठ.